ऐकायचं काम

शाळेच्या ग्रंथपाल बाईला मुलं शूबाई म्हणत. अठरा वर्षं वाचनालयात बसून तिनं दुसरं काही केलं असो वा नसो, ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' मात्र लाखभर वेळा केलं होतं. हे नाव कुणी तोंडावर घेतलं तरी तिला राग येत नसे, उलट थोडा अभिमानच वाटे. बाकी शाळेत सदा कालवा. वाचनालयात मात्र पंखा कुठल्या पात्याशी कुरकुरतो तेही कळायचं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं आणि त्याला कारण झाले भूगोलाचे सर. वर्गावर्गात मोठे पडदे लागले होते, नेट आलं होतं आणि शिक्षक मंडळी हौसेनं व्हिडिओ दाखवत सुटली होती. सरांनी सातवीला नदीचं खोरं दाखवायला घेतलं आणि नदी समुद्राला मिळायच्या आत मधेच अंतर्वस्त्रांची जाहिरात लागली. ती घालवायच्या गडबडीत सरांनी भलतंच बटण दाबलं आणि ती पडदाभर झाली. ती पोरं आता दहावीत आहेत, पण ती नदी त्यांच्या अजून लक्षात आहे. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की नेटवरचं काहीही थेट वर्गात लावायचं नाही, आधी ग्रंथपालांनी तपासायचं.

शूबाईनं ते काम मनापासून अंगावर घेतलं. तिची पद्धत ठरलेली होती. शिक्षकानं चिठ्ठी द्यायची: कोणता व्हिडिओ, कुठल्या वर्गाला, आणि काय दिसायला नको. शूबाई तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत पाहणार, उतरवून घेणार, जाहिराती छाटणार आणि शाळेच्या संगणकावर 'तपासलेले' नावाच्या कप्प्यात ठेवणार. मग रजिस्टरमध्ये नोंद. तारीख, शिक्षक, विषय, लांबी, त्यापुढे 'पूर्ण पाहिले' असा रकाना आणि शेवटी शेरा. "नेटवरून थेट लावलंत तर एक संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं," ती प्रत्येकाला बजावायची, "आणि ते पुढचं काय असेल ते तुमच्या हातात नसतं." तीन वर्षांत तिच्या कप्प्यातून एकही वावगं चित्र वर्गात गेलं नव्हतं. कौतुक करणारे करत होते आणि तिला ते आवडत होतं. खोटं कशाला बोला.

सगळ्यांत उशिरा या वाटेला आल्या त्या प्रयोगबाई. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. पेटती मेणबत्ती, फुगे, आरसे, चुंबक यांवर त्यांचा वर्ग चालायचा, म्हणून त्यांचं हे नाव. पडद्याच्या मात्र त्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. शूबाईनंच त्यांना महिनाभर शाळा सुटल्यावर बसवून शिकवलं. कप्पा कसा उघडायचा, कुठे दाबायचं, थांबवायचं कसं. "अगं, माझी बोटं जाडी, ती बटणं बारीक," असं म्हणत म्हणत प्रयोगबाई शिकल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं आणि शूबाईला आपल्या डाव्या हाताला बसवलं.

"एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव," त्या म्हणाल्या. "उजव्या कानानं मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डावाही आता अर्ध्यावर आलाय. वर्गात मी मुलांच्या ओठांवरून निभावून नेते, पण त्या पडद्यातला माणूस कुठे माझ्याकडे तोंड करून बोलतो? म्हणून तुला सांगून ठेवते. बघायचं मी बघेन. ऐकायचं काम तुझं."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा," शूबाई म्हणाली होती.

हे बोलणं झालं त्याला पाच महिने झाले होते. पाच महिने शूबाईनं ते पाळलंही होतं. प्रयोगबाईंचे व्हिडिओ ती कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून एकदा वेगळे ऐकायची. मग त्या हेडफोनची एक बाजू बिघडली, पुढे दुसरीही खरखरू लागली. नवा मागवायला एक अर्ज करायचा होता, तो आज करू, उद्या करू यात राहिला.

आणि नेमकी त्याच सुमारास सोमवारी तपासणी ठरली. सोमवारी तपासणीसाहेब येणार म्हटल्यावर ज्यांनी वर्षभर पडदा पुसला नव्हता त्यांनाही व्हिडिओ दाखवायचे होते. गुरुवारी शूबाईच्या टेबलावर चौदा चिठ्ठ्या पडल्या. त्यांत प्रयोगबाईंची एक होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. विषय ज्वलन, वर्ग सहावी, शुक्रवार, तिसरा तास. मागच्या बाजूला त्यांच्या गोल अक्षरात होतं: 'या वर्गात चिमणी आहे. दीड वर्षापूर्वी तिचं घर जळालं, त्यात आजी गेली. मेणबत्ती, काडी, शेगडी चालेल. आगीत सापडलेली माणसं, आरडाओरडा, असलं काही नको. जपून बघ.'

चिमणी म्हणजे अगदी हळू बोलणारी एक मुलगी. जोरात बोल म्हटलं की आणखी हळू बोलायची. वाचनालयात शूबाईला कधीही गप्प करावी लागली नाही अशी शाळेत ती एकटीच होती.

शूबाईनं चिठ्ठी वाचली, दोन्ही बाजूंनी वाचली. व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. समोर आठवीचा वर्ग वाचत बसला होता, हेडफोन मोडका, आणि शूबाईच्या वाचनालयात शूबाईनंच आवाज लावायचा म्हणजे काय! तिनं आवाज बंद ठेवून, डोळ्यांत तेल घालून तो व्हिडिओ पाहिला. मेणबत्ती होती, काचेचा पेला होता, पेल्याखाली विझणारी ज्योत होती. जळायला काय काय लागतं याची चित्रं होती. शेवटच्या मिनिटाला अग्निशमन दलाची रंगीत गाडी आली आणि मग नुसतं एका टेलिफोनचं रेखाचित्र, त्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक लाटा. ना ज्वाळा, ना माणसं. घरी जाऊन एकदा ऐकू, असं तिच्या मनात आलं. पण अजून नऊ चिठ्ठ्या बाकी होत्या. तिनं रजिस्टर ओढलं, 'पूर्ण पाहिले' खाली खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं: 'शेवटी मदतीसाठी फोन कसा करावा तेही आहे. छान.'

त्या टेलिफोनच्या चित्रामागे एक खरा फोन होता. पेटलेल्या घरातून एका बाईनं अग्निशमन दलाला केलेला. चाळीस सेकंद.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला सहावीच्या वर्गात काय झालं ते शूबाईला मधल्या सुटीत तुकड्यातुकड्यांनी कळलं. प्रयोगबाई पडद्याकडे पाठ करून, खिडकीशी, पुढच्या प्रयोगासाठी मेणबत्ती उभी करत होत्या. आवाज लागला. वर्ग आधी गोठला, मग पोरं "बाई, बाई" करू लागली. प्रयोगबाईंना वाटलं प्रयोगाची घाई झालीय. त्यांनी न वळताच हातानं 'थांबा' केलं. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण धावत जाऊन पडद्याची पिन उपटून आला. तोवर चिमणी बाकाखाली शिरली होती. दोन्ही कानांवर हात दाबून, गुडघ्यांत डोकं घालून. रडत नव्हती. प्रयोगबाई जमिनीवर बसून अर्धा तास तिच्याशी बोलत राहिल्या, तरी ती बाहेर आली नाही. तिची आई आली तेव्हाच बाहेर आली.

शूबाईला अजून खात्री नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं. तिनं वाचनालयाचं दार आतून लावून घेतलं, व्हिडिओ उघडला, आठव्या मिनिटावर नेला आणि आवाजाच्या खुणेवर बोट ठेवलं. तिला ते दाबवेना. इतक्यात शिपाई बोलवायला आला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रयोगबाई उभ्या होत्या. साडीला मेण लागलं होतं. मुख्याध्यापक मुळात वाईट माणूस नव्हते, पण सोमवारच्या तपासणीनं त्यांची पाचावर धारण बसली होती.

"माझंच चुकलं असणार सर," प्रयोगबाई म्हणत होत्या. "सकाळी तो कप्पा लवकर उघडेना. मी काहीतरी भलतं दाबलं असणार, नेटवरचं थेट लागलं असणार. हिनं दिलेलं हे नव्हेच. हिला मी चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, हिनं दिलंच नसतं असलं."

मुख्याध्यापक शूबाईकडे वळले. "तुम्ही तपासला होता ना व्हिडिओ?"

"हो सर. पूर्ण पाहिला."

"त्यात असं काही होतं?"

शूबाईनं एकदा प्रयोगबाईंकडे पाहिलं. त्या तिच्या ओठांकडे बघत होत्या, विश्वासानं.

"मी पाहिलं त्यात काही नव्हतं," शूबाई म्हणाली.

बघा, यात खोटं एक अक्षर नाही. न्यायाधीशासमोर शपथेवर सांगितलं असतं तरी टिकलं असतं. एवढं खरं बोलून एवढं खोटं कसं बोलता येतं, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिकडे एका पोरीनं कानांवर हात ठेवले होते, इकडे हिनंही ठेवले.

"ठीक आहे," मुख्याध्यापक म्हणाले. मग थोडं थांबून प्रयोगबाईंना म्हणाले, "पण बाई, चुकून लागलं तर लागलं. चाळीस सेकंद ते चालू होतं. तुम्ही बंद का नाही केलं?"

"मला ऐकू आलं नाही सर," प्रयोगबाई त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या. हा प्रश्नही त्यांनी ओठांवरूनच वाचला होता, हे आता मुख्याध्यापकांनाही कळलं. चौतीस वर्षांची झाकली मूठ अशी उघडली. सोमवारची तपासणी होऊ द्या, मग बुधवारपासून वर्ग धाकट्या बाईंकडे द्यायचे, असं ठरलं. प्रयोगबाईंनी निवृत्तीपर्यंत कार्यालयात बसून उत्तरपत्रिका तपासाव्यात. मुख्याध्यापक हे अगदी मायेनं म्हणाले, त्यामुळे ते जास्त लागलं.

बाहेर व्हरांड्यात प्रयोगबाईंनी शूबाईचा हात धरला. "तुला उगाच आत ओढलं गं," त्या म्हणाल्या.

शूबाई आपली गप्प, मूग गिळून.

घरी तिचे वडील होते. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेले, आता दारातल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना पेन्सिलीनं गोल करत दिवस घालवणारे. शूबाईनं स्वयंपाकघरात फोनवर तो व्हिडिओ लावला आणि या वेळी आवाज लावला. आठ मिनिटं एक गोड आवाज ज्वलनाबद्दल बोलत होता. मग टेलिफोनचं चित्र आलं. ती बाई आधी पत्ता सांगत होती, नीट, सावकाश. मग पत्ता सांगता सांगता मुलांची नावं घेऊ लागली. पुढचं शूबाईनं ऐकलं, पुरतं ऐकलं, बंद केलं नाही. हा दंड आपणच आपल्याला करावा असं तिला वाटलं.

"कोण रडतंय?" बाबा खुर्चीतून उठून दारात आले होते.

"शाळेचं आहे. तपासायचं होतं."

"मुलांना दाखवणार हे?"

"दाखवून झालं," शूबाई म्हणाली.

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल खिशाला लावली. ते फार खोदून विचारणारे नव्हते. "आमच्याकडे म्हणून दोघं बसायचे," ते म्हणाले. "एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं डोळ्यांनी बघायचं. एकटा बसला की डोळा फसवतो. मी एकदा एकटा बसलो होतो. जिवंत माणसाचं नाव निधनवार्तेत गेलं."

"मग?"

"मालकांना वाटलं, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक. दोन दिवस मीही त्यांना तसंच वाटू दिलं." ते पुन्हा खुर्चीकडे वळले. "जुळारी गरीब होता बिचारा. त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि शूबाईला विचारायचा धीर झाला नाही. रविवारी तिनं दोनदा मुख्याध्यापकांना फोन करायला घेतला आणि दोनदा ठेवला. सोमवार होऊ दे, तिनं मनाला सांगितलं. मन काय, सांगाल ते ऐकतं.

सोमवारी तपासणीसाहेब आले. त्यांना नेमकं काय आवडावं? रजिस्टर. एकेक पान उलटत, बोट फिरवत ते म्हणाले, "पूर्ण पाहिले, पूर्ण पाहिले. वा. असं काम मी कुठेच बघितलं नाही. बाकीच्या शाळांना दाखवायला हवं." गुरुवारच्या पानावर त्यांचं बोट 'छान'पाशी थांबलं, तेही त्यांना छान वाटलं. मुख्याध्यापक फुलून आले. शूबाई खाली मान घालून उभी राहिली, आणि साहेबांना वाटलं बाई विनयशील आहे.

चिमणी काही शाळेत आली नव्हती. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर प्रयोगबाई वाचनालयात आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि चेहरा चार दिवसांत उतरला होता.

"मी तिच्या घरी जाऊन येते," त्या म्हणाल्या. "उद्यापासून वर्ग माझा नाही. माझी चूक माझ्या तोंडानं सांगून, तिला उद्या शाळेत ये म्हणून सांगून मग मोकळी होते. पण ती पोर इतकी हळू बोलते गं, मला ओठही कळत नाहीत तिचे. तू चल. ती काय म्हणते ते मला सांग."

शूबाईच्या जिभेवर शंभर सबबी आल्या. ती उठली आणि चपला घातल्या.

वाटेत प्रयोगबाईंनी तिला नेहमीसारखं डावीकडे घेतलं. जिच्याशी बोलायचं तिला त्या डावीकडे ठेवत. दोन चौक त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. कप्पा उघडला तेव्हा बोट कुठे होतं, आधी काय दाबलं, मग काय दाबलं. "चार दिवस मी हेच आठवतेय. मला पक्कं आठवतं की मी कप्प्यातलंच लावलं. पण मग ते आलं कुठून? म्हातारपणात डोकंही गेलं म्हणायचं, कानाबरोबर." आणि त्या हसल्या.

तेव्हा सांगायचं होतं. शूबाईला ते पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. तो चौक, ती दाराशी पेटी टांगलेली टपालकचेरी, तिथे थांबून सांगायचं होतं. ती म्हणाली, "सांभाळून बाई, पायरी आहे."

चिमणीचं घर म्हणजे कपडे इस्त्री करायच्या दुकानावरची एक खोली. जळलेल्या घरानंतर ते इथे आले होते. खोलीत पडदे नव्हते, खिडकीला खाली उतरायची लांब दोरी बांधून तिला गाठी मारून ठेवल्या होत्या आणि पाण्याच्या दोन बादल्या दारापाशी भरलेल्या होत्या. चिमणीच्या आईनं त्यांना पलंगावर बसवलं. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती.

"चार रात्री झोपली नाही," आई म्हणाली. "दिवसा झोपते. मागे असंच झालं होतं, आठ महिने. आता कुठे सुधारलं होतं."

चिमणी खिडकीशी बसली होती. प्रयोगबाई उठून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, गुडघ्यांना हात देऊन, हळूहळू.

"बाळा, मी तुझी माफी मागायला आले," त्या म्हणाल्या. त्या जरा मोठ्यानं बोलत, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तसं. "तुला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं ना, की उद्या आगीचा धडा आहे, पण भिऊ नको, शूबाईंनी आधी सगळं बघितलंय, ऐकलंय. ते खरंच होतं. त्यांनी नीट दिलं होतं. मीच चुकीचं लावलं."

हे शूबाईला माहीत नव्हतं. पोरीला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिला वर्गाबाहेर बसायची मुभा होती आणि ती शूबाईच्या नावावर आत बसली होती.

चिमणीनं शूबाईकडे पाहिलं आणि ओठ हलवले. इस्त्रीच्या दुकानातला आवाज खालून येत होता. शूबाईला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"काय म्हणाली?" प्रयोगबाईंनी विचारलं.

शूबाईनं ऐकलं होतं. चिमणी म्हणाली होती, "कप्प्यातलंच लावलं होतं. मी पहिल्या बाकावर होते, मी बघितलं. शूबाईंनी आधी ते ऐकलं होतं ना? मग त्यांना काहीच नाही वाटलं?"

"काय म्हणाली गं?"

आता काहीही सांगता आलं असतं. 'उद्या येते म्हणाली' म्हटलं असतं तरी प्रयोगबाईंनी मानलं असतं, आनंदानं मानलं असतं. पोरगी जोरात बोलणारी नव्हती. आई दाराशी पाणी भरत होती. कान फक्त शूबाईचे होते, आणि ते तिनं दिले होते, पाच महिन्यांपूर्वी, दार लोटून.

"ती म्हणते," शूबाई पुटपुटली.

प्रयोगबाईंनी डावा कान पुढे केला. "मोठ्यानं सांग. मला नाही कळलं."

अठरा वर्षं दुसऱ्यांना गप्प करत आलेल्या बाईला मोठ्यानं बोलायची सवय कुठून असणार? पण बहिऱ्या माणसापाशी पाप हळूच कबूल करायची सोय नसते. "ती म्हणते, तुम्ही बरोबरच लावलं होतं. कप्प्यातलंच. ते मीच दिलं होतं बाई. आवाज बंद करून बघितलं मी. ऐकलं नाही. ऐकलंच नाही."

"काय नाही?"

"ऐकलं नाही!" ती ओरडली. खालची इस्त्री थांबली. चिमणीची आई हातात तांब्या घेऊन वळली. "तुम्ही ऐकायचं काम मला दिलं होतं, ते मी केलं नाही. आणि सरांसमोर गप्प राहिले."

प्रयोगबाई जमिनीवर तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटांकडे पाहिलं, एकेका बोटाकडे.

"म्हणजे मी चुकीचं दाबलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही बाई."

"चार दिवस मी या बोटांना शिव्या घालतेय."

शूबाईला रडू आलं, पण रडण्याचा हक्क या खोलीत आपला नाही, एवढं तिला समजत होतं. ती चिमणीसमोर बसली. "तू विचारलंस ना, मला काहीच नाही वाटलं का. मी तेव्हा ऐकलं नव्हतं. नंतर ऐकलं. खूप वाईट वाटलं आणि खूप भीती वाटली. आधी ऐकलं असतं तर तुझ्यापर्यंत ते येऊ दिलं नसतं."

चिमणीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "पूर्ण ऐकलं?"

"पूर्ण."

"मी नाही ऐकलं पूर्ण," चिमणी म्हणाली. मग आणखी हळू, "त्या बाई वाचल्या का?"

शूबाईनं ते शोधलं नव्हतं. तसं तिनं सांगितलं, आणि शोधून उद्या सांगते म्हणाली. चिमणीनं मान हलवली. प्रयोगबाईंनी विचारलं नाही काय म्हणाली म्हणून. शूबाईनं आपणहून सांगितलं, शब्द न् शब्द.

जिना उतरून त्या रस्त्यावर आल्या. शूबाई सवयीनं डावीकडे गेली. प्रयोगबाई एक पाऊल थांबल्या, तिच्यामागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या, आणि शूबाई त्यांच्या उजवीकडे राहिली. बहिऱ्या कानाकडे. आणि त्या चालू लागल्या. शूबाईला एखादी थप्पड बसली असती तरी एवढं लागलं नसतं. ती पुन्हा डावीकडे गेली नाही.

तशा त्या दोन चौक चालल्या. टपालकचेरीपाशी शूबाई बोलू लागली. ऐकू जाणार नाही हे माहीत असल्यामुळे असेल, सोपं गेलं. उद्या पहिल्या घंटेच्या आत मी सरांकडे जाते, ती म्हणत होती. रजिस्टर घेऊन जाते. 'छान' लिहिलेलं दाखवते. तपासणीसाहेबांनाही कळवा म्हणते. प्रयोगबाईंचा वर्ग काढू नका, काढायचं तर माझ्याकडचं हे काम काढा, म्हणते.

प्रयोगबाई समोर बघत चालत होत्या. चौकाच्या कडेला, रस्ता ओलांडायला थांबल्या तेव्हा त्यांनी मान वळवली, शूबाईच्या ओठांकडे पाहिलं, आणि त्या बराच वेळ पाहत होत्या हे तिला तेव्हा कळलं.

"मोठ्यानं म्हण," प्रयोगबाई म्हणाल्या. "उद्या सरांसमोर असं पुटपुटलीस तर त्यांनाही ऐकू यायचं नाही."

शूबाईनं घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून म्हटलं, भर रस्त्यात, मोठ्यानं. माणसं वळून पाहू लागली. प्रयोगबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा."